बकली, बाल्डविन आणि सभ्य वादाची किंमत

शत्रुपक्षातील विद्वानाची आठवण आंबेडकरी दैनिकाने का काढावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. विल्यम बकली हे अमेरिकेतील सनातनी विचारांचे सर्वात नामवंत पंडित. १९५५ साली त्यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढले. १९६६ ते १९९९ अशी ३३ वर्षे 'फायरिंग लाइन' हा दूरचित्रवाणीवरील वादाचा कार्यक्रम चालविला. २७ फेब्रुवारी २००८ रोजी ते वारले. त्यांची आठवण निघाली की एकच सूर लागतो. किती सभ्य माणूस! विरोधकाला घरी बोलवावे तसे बोलावत, आणि आता ते दिवस राहिले नाहीत.

हा सूर आम्हाला अर्धाच मान्य आहे. का, ते सांगण्यासाठी १८ फेब्रुवारी १९६५ च्या रात्रीकडे जावे लागेल.

त्या रात्री इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वादसभेत सातशेहून अधिक श्रोते जमले होते. अमेरिकन स्वप्न हे अमेरिकेतील निग्रोच्या जिवावर उभे आहे, असा ठराव होता. ठरावाच्या बाजूने लेखक जेम्स बाल्डविन. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२४ साली जन्मलेले, घरात दारिद्र्य, विद्यापीठाची पदवी नाही. (हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब तेथेच शिकत होते.) विरोधात तेलाच्या पैशावर वाढलेले, येल विद्यापीठात शिकलेले बकली.

बाल्डविन यांनी आकडेवारीचा ढीग घातला नाही. कापूस कोणी वेचला, रेल्वे कोणी बांधली आणि त्याचा मोबदला काय मिळाला, हे सारे त्यांनी 'मी' म्हणून सांगितले. शेकडो वर्षांची वेठ एका माणसाच्या तोंडून बोलू लागली. ज्यांच्या पणज्या-आजोबांनी महारकी केली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. भाषण संपताच सभागृह उठून उभे राहिले.

मग बकली उठले. तुमच्या कातडीकडे पाहून मी सवलत देणार नाही, गोऱ्याशी घालीन तसाच वाद तुमच्याशी घालीन, अशा आशयाची त्यांनी सुरुवात केली. ऐकायला किती समतेचे! पण याच गृहस्थांच्या नियतकालिकाने १९५७ साली अग्रलेख लिहून सांगितले होते की दक्षिणेत गोरे अल्पसंख्य असले तरी सत्ता त्यांच्याच हाती राहावी, कारण तूर्तास ते अधिक प्रगत आहेत. लायकीचा हा युक्तिवाद आपण कितीदा ऐकला आहे? केंब्रिजमध्ये मिसिसिपीतील मतदानाचा विषय निघाला, तेव्हा बकली म्हणाले की तेथे काळे कमी मतदान करतात ही अडचण नसून फार गोरे मतदान करतात ही अडचण आहे. चमकदार वाक्य. मते मोजली गेली. बाल्डविन ५४४, बकली १६४.

त्याच रात्री अमेरिकेत अलाबामा राज्यातील मॅरियन गावी मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला होता. पोलिसांनी लाठ्या चालविल्या. आई आणि आजोबांना वाचवू पाहणाऱ्या जिमी ली जॅक्सन या २६ वर्षांच्या तरुणाला एका पोलिसाने गोळी घातली. आठ दिवसांनी तो मेला. त्याच्या मृत्यूतून सेल्माचा मोर्चा उभा राहिला आणि ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला.

जो हक्क केंब्रिजमध्ये वाक्चातुर्याचा विषय होता, त्याच हक्कासाठी मॅरियनमध्ये रक्त सांडत होते. ज्याचे काहीच पणाला लागलेले नसते, त्याला सभ्य राहणे सोपे जाते. १९६८ साली गोर व्हिडाल या त्यांच्याच थरातील लेखकाने बकलींना छुपे नाझी म्हटले, तेव्हा याच सभ्य माणसाने कॅमेऱ्यासमोर शिवी हासडून थोबाड फोडण्याची धमकी दिली होती.

मग मान्य असलेला अर्धा भाग कोणता? बकलींनी ब्लॅक पँथरच्या एल्ड्रिज क्लीव्हरला १९६८ साली आणि ह्यूई न्यूटनला १९७३ साली आपल्या कार्यक्रमात समोर बसवले आणि बोलू दिले. हे लहान काम नव्हे. मात्र हा धडा घ्यायला आम्हाला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचे भाषण पचले नाही, अधिवेशन रद्द झाले. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वतः छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली, आठ आणे किंमत जास्त आहे ही तक्रारही केली! १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख जसेच्या तसे छापले आणि त्याखाली आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्याच शब्दांत, स्वतःच्या पुस्तकात.

आज आपल्याच व्यासपीठांवर काय चालते? एका गटाचा वक्ता दुसऱ्या गटाच्या मंचावर बसत नाही. लेखाला उत्तर देण्याऐवजी लेखक कोणाचा दलाल आहे, याची चौकशी सुरू होते. ज्याने गांधींना पानेच्या पाने दिली, त्याचे अनुयायी एकमेकांना एक रकाना देत नाहीत. हे लिहिताना आमच्या स्वतःच्या दैनिकालाही आम्ही वगळत नाही.

२००४ साली बकलींनी 'टाइम'ला सांगितले की वंशभेद आपोआप सुधारत जाईल हे आपले मत चुकीचे होते, केंद्र सरकारचा हस्तक्षेप आवश्यकच होता. आमच्याकडील किती सनातनी पंडितांनी एवढे तरी कबूल केले? पण त्यांचे मत केंब्रिजच्या पराभवाने बदलले की सेल्माच्या पुलावर मार खाणाऱ्यांनी बदलले? आमचा कौल सेल्माच्या बाजूने आहे.

केंब्रिजचा निकाल त्याच रात्री लागला होता. मॅरियनच्या त्या पोलिसाने गुन्हा कबूल केला २०१० साली. शिक्षा झाली सहा महिने.