खोंड पोसला शेतकऱ्याने, भाव सांगितला कारखान्याने



आपल्या सीमाभागात 'कारखाना' म्हटले की तो उसाचा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतील कॅथलिक शेतकरीदेखील सदानकदा 'फॅक्टरी'विषयी बोलत असतो. पण त्याची फॅक्टरी म्हणजे गुरे कापून त्यांचे मांस परदेशी धाडणारा कारखाना होय. त्या देशातील गोमांसापैकी दहात नऊ हिस्से बाहेर विकले जाते. ऊस काय आणि पोसलेला खोंड काय, माल एकदा तयार झाला की तो थांबत नाही; आणि वजन, प्रत व भाव या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याला पलीकडच्या बाजूकडून कळतात. हे साम्य लक्षात आले म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

आरंभीच एक खुलासा करणे बरे. कर्नाटकात 2020 च्या कायद्याने गाय, बैल व वासरू यांची, तसेच तेरा वर्षांखालील म्हशी-रेड्यांची कत्तल बंद आहे. तेव्हा हा धंदा आपण करावा असे कोणी समजू नये. पाहावयाचे ते एवढेच, की आपल्याच धर्माच्या दूरच्या शेतकऱ्याने योग्य भावासाठी काय काय केले आणि त्यातून त्याच्या पदरी काय पडले.

आयर्लंडची जुनी रीत म्हणजे गोऱ्हा बडवून त्याचा बैल करावयाचा, दोन उन्हाळे गवतावर चारावयाचा आणि मग विकावयाचा. पुढे काहींनी पाहिले की न बडवलेला खोंड त्याच खुराकावर बैलापेक्षा भरभर वाढतो व त्याच्या अंगी चरबी कमी, मांस अधिक धरते. ही किमया त्याच्या स्वतःच्या नर-संप्रेरकांची आहे. बाहेरून टोचावयाच्या संप्रेरकांना युरोपात 1980 च्या दशकापासून बंदी आहे. मांसाळ जातीच्या गाईमागचे वासरू आठ-नऊ महिन्यांनी तोडतात. तेव्हा ते तीनशे किलोंच्या आसपास असते. मग त्याला गोठ्यात घेऊन जवाचा भरडा, मका व पेंड यांवर सुमारे दोनशे दिवस पोसतात. चांगला खोंड दिवसाला दीड किलो किंवा त्याहूनही अधिक वाढतो.

हे ऐकावयास सोपे वाटते, पण खरी कसोटी पहिल्या तीन आठवड्यांत असते. गवत व मुरघास खाणाऱ्या जनावरापुढे एकदम भरड्याची रास ओतली तर पोट आंबते, जनावर खाणे टाकते, लंगडू लागते, कधी मरतेही. म्हणून खुराक दोन-चार दिवसांनी थोडा थोडा वाढवितात, सोबत काड ठेवतात आणि पाणी कधी तुटू देत नाहीत. पोटभर खुराकावर आणल्यावर मात्र गव्हाण रिकामी ठेवावयाची नाही; कारण भुकेलेला खोंड नंतर अधाशासारखा खातो आणि तोच रोग उलटतो. आपल्याकडे लग्नाचा उरलेला भात म्हशीला घालून तिला आजारी पाडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. लहानपणापासून एकत्र वाढलेले खोंड शेवटपर्यंत एकत्रच ठेवतात. त्यांत परका आणून घातला की झुंजी होतात, एकमेकांवर चढतात, आणि त्या दमणुकीत अंगातील साखर संपते. अशा जनावराचे मांस काळसर व चिकट निघते आणि त्याला गिऱ्हाईक नाही. सहा महिन्यांचा खुराक एका दुपारच्या झुंजीत वाया जातो.

आरोग्याचे पान आहे म्हणून येथे थोडे थांबतो. तेथील गोठ्यांना फटींची जमीन असते व शेण-मूत खालच्या टाकीत साठते. ती टाकी ढवळताना गंधकयुक्त विषारी वायू एकदम वर येतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण फार असला तर नाकाची जाणीवच मरते आणि माणूस काही न कळता कोसळतो. त्याला काढावयास उतरलेला भाऊ किंवा मुलगाही तेथेच राहतो. म्हणून तेथील नियम असा, की वाऱ्याचा दिवस पाहावा, जनावरे आधी बाहेर काढावी, आणि ढवळणे सुरू केल्यावर निदान अर्धा तास कोणीही जवळ जाऊ नये. आपल्या गोबर गॅसच्या टाकीत व शेणखड्ड्यात तेच विष असते. टाकीत कोणी पडला तर आत उडी घालू नका, अग्निशामक दलाला बोलवा.

आता भावाकडे येऊ. कारखाना जिवंत वजनावर पैसे देत नाही, सोलीव धडाच्या वजनावर देतो. मांसाळ खोंडाचा उतारा शेकडा 57 ते 60 पडतो, दुधाळ जातीच्या खोंडाचा त्याहून बराच कमी. गरम धड तोलून थंड झाल्यावरच्या घटीपोटी शेकडा 2 वजा करतात. मग प्रत लागते. अंगलोटासाठी ई, यू, आर, ओ, पी अशी पाच अक्षरे, चरबीसाठी 1 ते 5 आकडे, आणि प्रत्येकाचे पुन्हा तीन पोटभाग. 2004 पासून ही प्रत यंत्र ठरविते व सरकारी अधिकारी त्या यंत्राची तपासणी करतात. 2009 मध्ये शेतकरी संघटना व कारखानदार यांनी जो तक्ता मान्य केला, त्यात मधल्या 'आर'ला मूळ भाव धरून अंगलोटाच्या दर पायरीला किलोमागे 6 सेंट ठरले. म्हणजे मधल्या 'आर'वरून मधल्या 'यू'वर गेलेल्या 380 किलोंच्या धडाला तीन पायऱ्यांचे 68 युरो जास्त. पावती न वाचणारा शेतकरी हे 68 युरो कोठे गेले हेही विचारू शकत नाही.

पण सर्वांत मोठी गोम वयाची. ब्रिटनच्या मोठ्या दुकानदारांना 16 महिन्यांवरील खोंडाचे मांस नको असते. दोन-तीन वर्षे भाव बरा होता म्हणून अनेकांनी गोऱ्हे बडविले नाहीत; आणि 2014 च्या आरंभी कारखान्यांनी मोठ्या वयाचे खोंड घेण्यास टाळाटाळ सुरू केली, भाव पाडला, वजनाच्याही मर्यादा घातल्या. शेतकरी आठवडेच्या आठवडे थांबला. खोंड मात्र थांबत नाही, तो खातो. दिवसाला दहाच किलो खुराक धरला तरी तीन आठवड्यांत एका जनावरामागे 210 किलो गेले, आणि विलंबाने त्याची किंमत उलट घटली. तोडीची चिठ्ठी न मिळाल्याने ज्याचा ऊस फडात वाळला त्याला हे दुःख नवीन नाही. तेथील शहाणे शेतकरी त्यानंतर असे करू लागले, की खोंड गोठ्यात बांधण्यापूर्वीच कारखान्याकडून वय, वजन व तारीख लिहून घ्यावयाची. तोंडी शब्दावर बांधावयाचा नाही.

2019 च्या जुलैअखेर असंतोष रस्त्यावर आला. मूळ भाव किलोला साडेतीन युरोच्या आसपास घसरला होता आणि त्यात खर्चही निघत नाही असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. ते कारखान्यांच्या फाटकांवर रात्रंदिवस बसले. कारखान्यांनी न्यायालयात धाव घेतली, कामगारांना तात्पुरते घरी बसविले. 15 सप्टेंबरला समझोता झाला. प्रमाणित गोठ्यांतील 30 महिन्यांखालील बैल व कालवडींवरचा बोनस 12 सेंटवरून 20 सेंट झाला. गमतीची (की दुःखाची?) गोष्ट ही, की चर्चेत मूळ भावाचा आकडा काढताच आला नाही, कारण सर्वांनी एकत्र बसून भाव ठरविणे हे स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध! सुट्या शेतकऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून केलेला कायदा त्यालाच सुटा ठेवतो, असे मला तरी वाटते. डिसेंबर 2023 मध्ये तेथे शेतमाल व अन्न यांच्या व्यापारासाठी स्वतंत्र नियामक कचेरी स्थापन झाली. भावांची माहिती प्रसिद्ध करणे व अन्यायी व्यवहारांना आळा घालणे हे तिचे काम. भाव ठरविण्याचा अधिकार तिला नाही. 2025 च्या उन्हाळ्यात गुरे कमी पडल्यामुळे भाव 7 युरोंच्या वर गेला खरा, पण पोसण्यासाठी विकत घ्यावयाची वासरेही त्याच मानाने महागली.

या देशात सहकाराचे बी पेरणाऱ्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होते, फादर थॉमस फिनले. प्रॉटेस्टंट असलेल्या सर होरेस प्लंकेट यांच्यासह त्यांनी 1894 मध्ये कृषी सहकाराची मध्यवर्ती संस्था उभारली. दूध-लोण्यात ती कल्पना रुजली व आजही टिकून आहे. मांसाच्या धंद्यातले बहुतेक सहकारी कारखाने मात्र 1980 च्या दशकापासून बुडाले किंवा विकले गेले, आणि आज शेतकरी ज्या फाटकावर बसतो ते फाटक दुसऱ्याचे आहे. जेथे सहकार टिकला तेथे वजनकाटा शेतकऱ्याचा राहिला. अनुवाद ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात दोन तऱ्हेची वजने बाळगण्यास मनाई आहे, हे आपण जाणतोच. आपला काटा आपल्याजवळ नसावा असे मात्र तीत कोठेही म्हटलेले नाही.

आपल्यापैकी पुष्कळ घरी सणासाठी वा विक्रीसाठी डुकरे पोसली जातात. हेडी दारात येतो, जनावराच्या पाठीवर हात फिरवतो आणि 'साठ किलो भरेल' म्हणून उक्ता सौदा करतो. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा. मग कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 400 ने भागा, पौंड निघतात. त्याला 2.2 ने भागले की किलो. घेर 40 इंच व लांबी 40 इंच असेल तर 160 पौंड, म्हणजे सुमारे 73 किलो. थोडेफार मागेपुढे होईल, पण साठ नक्कीच नाही. मोजताना डुक्कर सरळ उभे असावे, मान वर उचललेली नसावी, आणि माप सकाळी खाद्य घालण्यापूर्वी घ्यावे.