लॅपटॉपचा वेग अचानक का मंदावतो?

दोन-तीन वर्षे बिनतक्रार चालणारा लॅपटॉप एके दिवशी अचानक रेंगाळू लागतो. व्हायरसचा संशय घेऊन विंडोज नव्याने टाकली जाते, तरी फरक पडत नाही; अखेर नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. अशा वेळी प्रोसेसरने स्वतःवरच वेगमर्यादा घालून घेतली आहे काय, हे आधी तपासावे.

ही मर्यादा बहुधा बिघाड नसून स्वसंरक्षणाचा उपाय असते. गरजेनुसार वेग कमी-अधिक करणारे 'स्पीडस्टेप' तंत्र इंटेलने सन २००० मध्ये लॅपटॉपच्या पेंटियम थ्री प्रोसेसरमध्ये आणले. आजचे प्रोसेसर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले किंवा वीजपुरवठा अपुरा पडला, की वेग आपणहून उतरवतात.

खातरजमा सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. 'परफॉर्मन्स' विभागात सीपीयूचा चालू वेग व 'बेस स्पीड' दिसतो. काम नसताना वेग कमी असणे स्वाभाविकच. मात्र पूर्ण भार असतानाही तो ०.८ गिगाहर्ट्झसारख्या आकड्यावर अडकला, तर मर्यादा लागू झाली असे समजावे.

पहिला संशय चार्जरवर घ्यावा. काही लॅपटॉप चार्जरची क्षमता मधल्या बारीक पिनमधून ओळखतात. ती पिन तुटली किंवा ६५ वॅटऐवजी ४५ वॅटचा चार्जर जोडला, तर वेग घटू शकतो. चार्जर काढून केवळ बॅटरीवर चालवताना वेग पूर्ववत झाला, तर दोष बहुधा तेथेच आहे. त्यानंतर 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' हा पर्याय दिसत असल्यास तो १०० टक्क्यांवर आहे ना, हे पाहावे.

आरंभी चांगला असलेला वेग काही मिनिटांनी घसरत असेल, तर कारण उष्णता होय. लॅपटॉप गादीवर ठेवल्याने हवेची वाट अडते, पंख्यात धूळ साचते, प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट सुकते. जाणकाराकडून सफाई करून घेतल्यास बहुधा गुण येतो. मर्यादा झुगारणारी सॉफ्टवेअर मात्र वापरू नयेत. ती संरक्षणच काढून घेतात. तळ फुगलेला दिसल्यास बॅटरी फुगल्याची शक्यता असते. तेव्हा यंत्र तत्काळ बंद करून दुरुस्तीस न्यावे.

एवढे करूनही वेग अडकलेलाच राहिला, तर बायोस अद्ययावत करावे आणि मदरबोर्ड तपासून घ्यावा. नव्या लॅपटॉपचा विचार त्यानंतर!