थंडीत उभी राहणारी गाडी आणि उंदरांचा उपद्रव

कारोबार हंगामी असला की गाडीही हंगामी होते. आमच्या मालेगावात आणि आसपासच्या गावांत कुल्फीवाले, बर्फवाले, सरबताचा माल पोचवणारे यांचे टेम्पो आणि तीनचाकी दिवाळीनंतर उभे राहतात, ते होळीच्या सुमारास बाहेर निघतात. मंडपवाले, बँडवाले, देगा भाड्याने देणारे यांच्या गाड्या लग्नसराई संपली की पावसाळाभर उभ्या असतात. उरूस-जत्रांत कापड विकणाऱ्या बांधवांचेही तेच. बाजारात मंदी आली तर आम्हा कापडवाल्यांचा टेम्पोही महिना-दोन महिने जागचा हलत नाही. गाडी उभी म्हणजे डिझेल वाचले, असे मालक समजतो. पण बँकेचा हप्ता थांबत नाही आणि उंदीरही थांबत नाही.

या विषयावर आपल्या पानावर फारसे लिहिले जात नाही. उंदराचे काय लिहायचे, असे वाटते. परंतु ज्या कारीगराची सारी रोजी एका गाडीवर आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न लहान नाही. म्हणून चार मिस्त्री मंडळींशी बोलून आणि गोदामातील आमचा तजुर्बा जमेस धरून ही माहिती देत आहोत.

उंदीर गाडीतच का शिरतो?

कार्तिक-मार्गशीर्षात दोन गोष्टी एकदम घडतात. खरिपाची बाजरी, मका, सोयाबीन शेतातून निघते आणि शेतातल्या उंदरांचे खाणे व आडोसा दोन्ही संपते. त्याच वेळी थंडी सुरू होते. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. अशा वेळी उंदराला कोरडी, अंधारी आणि कोणी हात न लावणारी जागा हवी असते. उभ्या गाडीचे बॉनेट, सीटखालचा फोम, डॅशबोर्डमागची पोकळी यापेक्षा चांगली जागा त्याला कोठे मिळणार?

आमच्या धंद्यातील गाड्यांना तर हा धोका जास्त. टेम्पोत चिंध्या, सुताचे वेस्टेज, रुईचा भुगा राहून गेलेला असतो. हे सर्व उंदराच्या घरट्याचे तयार सामान आहे. शिवाय साईझिंगमध्ये सुताला स्टार्चची खळ दिलेली असते. कोऱ्या कापडाला ती तशीच असते आणि स्टार्च म्हणजे शेवटी अन्नच. बर्फ-कुल्फीच्या गाडीत साखरेचे चिकट डाग असतात, तर देगवाल्याच्या गाडीत तांदळाचे दाणे असतात. लहान घरउंदराला दिवसाला तीन-चार ग्रॅम खाणे पुरते, आणि पाणी तर दाण्यातल्या ओलाव्यावरही भागते.

तो वायरी का कुरतडतो, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. नव्या गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला पदार्थ असतो म्हणून उंदीर येतात, असेही बोलले जाते. अमेरिकेत यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. परंतु जुन्या साध्या प्लास्टिकच्या वायरीही उंदीर पूर्वीपासून कुरतडत आला आहे. त्यामुळे ‘आमची गाडी जुनी, आम्हाला भीती नाही’ या समजुतीत कोणी राहू नये.

हिशेब वेळेचा आहे

घरउंदराची मादी सुमारे वीस दिवसांत विते. एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात आणि ती पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत स्वतः विण्याच्या वयाची होतात. म्हणजे दिवाळीत गाडीत शिरलेली एक गाभण मादी संक्रांतीपर्यंत आजी होण्याच्या बेतात असते. पहिल्या आठवड्यात एका पिंजऱ्यात निभावणारे काम फेब्रुवारीत हाताबाहेर जाते.

आमच्या ओळखीतील एका बर्फवाल्या भाईंचा टेम्पो नोव्हेंबरपासून शेडमध्ये उभा होता. फेब्रुवारीअखेर एका मोठ्या लग्नाची ऑर्डर आली. चावी फिरवताच बॉनेटमधून धूर निघाला. सोललेल्या दोन वायरी एकमेकींना लागल्या होत्या आणि शेजारी चिंध्या-गवताचे घरटे होते. बादलीभर वाळू जवळ होती म्हणून टेम्पो वाचला, पण वायरिंगचा संपूर्ण सेट गेला. गाडी पंधरा दिवस मिस्त्रीकडे राहिली. ती ऑर्डर दुसऱ्याकडे गेली, आणि जे गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याकडे गेले ते पुढल्या वर्षीही तिकडेच गेले. दुरुस्तीचे बिल एकदा भरून संपते, तुटलेल्या गिऱ्हाइकाचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे चालते.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या महिनोन्महिने उभ्या राहिल्या, तेव्हा हा अनुभव गल्लोगल्ली आला. त्यातच एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि वायरी आणखी वाढल्या आहेत. एक बारीक वायर तुटली तरी गाडी जोर धरत नाही, आणि ती वायर शोधण्यातच मिस्त्रीचा दिवस जातो.

गाडी उभी करण्यापूर्वी

पहिले काम सफाईचे. सीट उचलून, चटया काढून दाणे, बिस्किटाचा चुरा, चिंध्या, सुतळी, बारदान, जुनी वर्तमानपत्रे सर्व बाहेर काढावे. हौदा पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा. गाडीत माल ठेवून तिला गोदाम बनवण्याची सवय सोडावी. डॅशबोर्डच्या कप्प्यात सुपारी किंवा शेंगदाण्याची पुडीसुद्धा राहू देऊ नये.

दुसरे काम जागेचे. धान्याचे दुकान, कोंबड्यांचे खुराडे, कचराकुंडी किंवा लाकडाचा ढीग यांच्याजवळ गाडी लावू नये. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, म्हणून गाडी भिंतीला चिकटवू नये. दोन-तीन हात अंतर सोडून ती जागा रोज दिसेल अशी झाडून ठेवावी. ताडपत्री जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये, कारण खाली अंधारा आडोसा तयार होतो. ती चाकांच्या वर बांधावी.

तिसरे काम भोकांचे. लहान उंदीर पाव इंचाच्या, म्हणजे साधारण पेन्सिलीएवढ्या भोकातून आत येतो. मोठ्या जातीच्या उंदराच्या पिल्लाला अर्धा इंच पुरतो. शेडच्या दाराखालची फट पत्र्याची पट्टी ठोकून बंद करावी. मोरीच्या तोंडाला आणि झरोक्याला पाव इंची तारेची जाळी लावावी. प्लास्टिकची जाळी, लाकूड, कापडाचा बोळा हे उंदरापुढे टिकत नाहीत. भिंतीतील भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावले तर तो ते सहसा उकरत नाही.

गाडीची तीन तोंडे मिस्त्रीला विचारून नीट बघून घ्यावीत. एअर फिल्टरकडे हवा नेणारा पाइप, सायलेन्सरचे तोंड आणि काचेखालून आत हवा येणारी जागा. तिन्हींवर जाळी किंवा तारेची घासणी बसवावी. मात्र येथे गाफील राहून चालणार नाही. गाडी चालू करण्यापूर्वी ही सर्व बुचे काढलीच पाहिजेत. कोठे काय लावले त्याची यादी कागदावर लिहून, लाल चिंधीने स्टिअरिंगला बांधून ठेवावी. गाडी काढणारा मुलगा किंवा ड्रायव्हर कोणीही असो, त्याच्या नजरेत ती आली पाहिजे.

चौथे काम बॅटरीचे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवली तर उंदराने वायर सोलली तरी ठिणगी पडण्याचा धोका राहत नाही. आगीपासून हिफाजत करणारा हा उपाय फुकटचा आहे, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो.

गाडी उभी असताना

उंदराला वर्दळ नको असते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडून, टॉर्च मारून बघावे. काळ्या लेंड्या, कापसाचे पुंजके, कुरतडलेला फोम, मुताचा उग्र वास या खुणा आहेत. शक्य असेल तेथे बॉनेट उघडेच ठेवावे. उजेड आला की त्याला ती जागा आवडत नाही. पंधरवड्यातून एकदा आधी बघून, बुचे काढून, बॅटरी जोडून गाडी दोन-चार मैल फिरवून आणावी. जागेवरच पाच मिनिटे चालू करून बंद केल्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते. बंद शेडमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो माणसाचा जीव घेतो.

पिंजरे भिंतीच्या कडेला, दर सहा-सात फुटांवर एक असे ठेवावेत. सुके खोबरे, शेंगदाण्याचा कूट लावलेली भाकरी, भजे यावर उंदीर येतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस पिंजरा उघडाच ठेवून त्यातले खाणे त्याला खाऊ द्यावे, मग लावावा. पिंजरा रोज सकाळी बघावा. जनावराला आत उपाशी तडफडत ठेवणे बरे नाही.

विषाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. गाडीत विष ठेवू नये. उंदीर डॅशबोर्डच्या आत मरतो आणि महिनाभर दुर्गंधी जात नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या घरांत, कारखान्यांत लहान मुले खेळत असतात. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनसारख्या औषधाने रक्त गोठणे बंद होते. त्यावर ‘के-१’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो वेळेत दवाखान्यात पोचला तरच कामाचा. विष खाल्लेला उंदीर मांजर किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरू शकते, आणि उंदीर मारणारे तेच आपले खरे मदतगार आहेत. विष ठेवावेच लागले तर मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलूपबंद पेटीत, गाडीबाहेर ठेवावे आणि पाकीट जपून ठेवावे, म्हणजे डॉक्टरांना औषध कळेल.

हिकमती आणि जाहिराती

कोणी बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवतो, कोणी कापूर, कोणी डांबरगोळ्या. वास ताजा आहे तोवर थोडा फरक पडेल, पण मोकळ्या हवेत तो उडून जातो आणि उंदरालाही त्याची सवय होते. डांबरगोळीचा वास बंद केबिनमध्ये साठला तर चालवणाऱ्याचेच डोके दुखते. सुकी पाने इंजिनवर राहून गेली तर ती जळणाचेच काम करतात. आवाजाने उंदीर पळवणारी विजेची यंत्रेही विकली जातात. अशा यंत्रांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार असला पाहिजे, असा इशारा अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना दिला होता. होंडा कंपनीने मिरचीतील तिखट द्रव्य लावलेली पट्टी वायरीभोवती गुंडाळण्यासाठी काढली आहे. असा उपाय जोडीला चालेल. पण सफाई आणि जाळी यांना पर्याय नाही.

आरोग्याचा प्रश्न

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला, तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले आणि कापडबाजार ठप्प झाला. आम्हा कापडवाल्यांच्या ते दिवस अजून ध्यानात आहेत. त्याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आढळला होता. सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लोकांनी घरे सोडली, धान्य आत तसेच राहिले आणि उंदीर बेसुमार वाढले, असे कारण त्या वेळी तज्ज्ञांनी मांडले. माणसाने सोडलेली जागा उंदीर घेतो, ही गोष्ट घराला लागू आहे तशी गाडीलाही.

आज आपल्याकडे जास्त भीती लेप्टोस्पायरोसिसची आहे. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, हाताच्या जखमेतून तो होतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. म्हणून घरटे सापडले तर लेंड्या कोरड्या झाडू नयेत, धूळ नाकात जाते. गाडीची दारे उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे घालून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने ती जागा भिजवावी, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसावी. वायरीच्या जोडावर मात्र पाणी ओतू नये. सारा कचरा पिशवीत बांधून टाकावा. नंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना उंदराची गोष्ट न विसरता सांगावी.

विमा आणि शेजारधर्म

थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. संपूर्ण विमा असेल तर उंदराने केलेले नुकसान त्यात बसते का, हे एजंटला गाडी उभी करण्याआधीच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. नुकसान झाले तर आधी फोटो काढावेत, कंपनीला कळवावे, मगच मिस्त्रीला हात लावू द्यावा.

शेवटी एक गोष्ट. उंदीर एका मालकाचा नसतो. आपण शेड साफ ठेवली आणि शेजारच्या कारखान्याने वेस्टेजचा ढीग भिंतीला लावला, तर मेहनत वाया जाते. गल्लीतील चार-पाच गाडीमालकांनी एकाच आठवड्यात सफाई करावी, भोके बंद करावीत, पिंजरे लावावेत, आणि कचरा उचलण्याबद्दल महापालिकेकडे एकत्र अर्ज द्यावा. जाळी, घासणी आणि दोन पिंजरे यांचा खर्च एका वायरिंगच्या सेटपुढे काहीच नाही. दिवाळी झाली, गाडी शेडमध्ये गेली, की त्याच दिवशी हे काम उरकून घ्यावे.