बिहारचा आर्थिक विकास व आधुनिकीकरण

भारतातील ऐतिहासिक दृष्ट्या अविकसित राहिलेल्या राज्यांपैकी बिहार हे एक प्रमुख राज्य. क्षेत्रफळ ९४,१६३ चौ. किमी.; लोकसंख्या १०,४०,९९,४५२ (२०११). त्या वर्षी दर चौ. किमी.स १,१०६ व्यक्ती अशी घनता होती व नागरी लोकसंख्येचे प्रमाण केवळ ११·३% होते. गंगेच्या गाळाची सुपीक जमीन व विपुल भूजल लाभूनही हा प्रदेश मागे राहिला. त्याची कारणे निसर्गापेक्षा जमीनधारणेच्या पद्धतीत, शासकीय धोरणांत व प्रशासनाच्या दुर्बलतेत अधिक आढळतात. २००५ नंतर राज्याच्या उत्पन्नात वेगाने वाढ झाली; परंतु रोजगाराच्या स्वरूपात तेवढे परिवर्तन घडून आले नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये लागू केलेल्या कायमधारा पद्धतीने जमीनदाराने सरकारात भरावयाचा सारा कायमचा ठरविला, कुळाकडून घ्यावयाच्या खंडावर मात्र दीर्घकाळ परिणामकारक बंधन नव्हते. त्यामुळे जमीन सुधारण्यात जमीनदाराला स्वारस्य नव्हते आणि कुळाला तसे सामर्थ्य नव्हते. साऱ्याचे उत्पन्न वाढत नसल्याने पाटबंधारे व शिक्षण यांवर खर्च करण्यास सरकारही अनुत्सुक राहिले. चंपारण जिल्ह्यात कुळांना जमिनीच्या वीस भागांपैकी तीन भागांत नीळ लावण्याची सक्ती होती. महात्मा गांधींच्या १९१७ च्या सत्याग्रहानंतर ही ‘तीनकठिया’ पद्धत बंद झाली.

जमीनसुधारणा : जमीनदारी नष्ट करणारा कायदा बिहारने १९५० मध्येच संमत केला. पाटणा उच्च न्यायालयाने तो अवैध ठरविल्यावर १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती झाली व पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध ठरविला. तथापि गावोगावच्या जमिनीच्या नोंदी सदोष होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातील पळवाटांमुळे मोठ्या मालकांनी बरीच जमीन राखली. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत सर्वाधिक जमीन बिहारमध्ये मिळाली; परंतु तिचा मोठा भाग नापीक वा वादग्रस्त असल्याने भूमिहीनांपर्यंत पोहोचला नाही. २००६ मध्ये डी. बंदोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने बटाईदारांना कायदेशीर संरक्षण देण्याची शिफारस केली. तीही अंमलात आली नाही.

उद्योगधंदे व राज्याचे विभाजन : अविभक्त बिहारमधील कोळसा, लोह व अवजड उद्योग प्रामुख्याने छोटा नागपूर पठारावर होते. जमशेटपूर, सिंद्री, रांची व बोकारो ही त्यांची केंद्रे होत. १९५० च्या दशकात केंद्र शासनाने पोलादाच्या वाहतूकभाड्याचे समानीकरण केले. त्यामुळे खाणींजवळच्या कारखान्याला पोलाद ज्या भावाने मिळे, जवळजवळ त्याच भावाने ते मुंबईच्या कारखान्यालाही मिळू लागले. पश्चिम भारतातील कापसाला मात्र अशी सवलत नव्हती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे धोरण मागे घेण्यात आले, तोवर धातूवर आधारित उद्योग अन्यत्र स्थिरावले होते. मैदानी भागातील साखर कारखानेही क्रमाने बंद पडले; डालमियानगरचा उद्योगसमूह १९८४ मध्ये बंद झाला. १५ नोव्हेंबर २००० रोजी झारखंड वेगळे झाले. बिहारकडे सु. तीन चतुर्थांश लोकसंख्या राहिली. खनिजांचा बहुतेक साठा मात्र झारखंडकडे गेला.

२००५ नंतरची प्रगती : १९९० ते २००५ या काळात मागास जातींना सत्तेत वाटा व सामाजिक प्रतिष्ठा मिळाली, परंतु रस्ते, शाळा व सुव्यवस्था यांची स्थिती खालावली. त्यानंतर कायदा व सुव्यवस्था, रस्ते व पूल यांवर भर देण्यात आला. २००६ मध्ये पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारे बिहार हे पहिले राज्य ठरले. त्याच वर्षी नवव्या इयत्तेतील मुलींना सायकलीसाठी अनुदान देण्यास प्रारंभ झाला. गावापासून माध्यमिक शाळा दूर असणे ही मुलींच्या शिक्षणातील मोठी अडचण होती; या योजनेने त्यांची शाळेतील नोंदणी सु. ३०% वाढल्याचे पाहणीत आढळले. २०११ मध्ये केवळ १६·४% कुटुंबे उजेडासाठी वीज वापरीत. पुढील दशकात वीज बहुतेक घरांत पोहोचली. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार दरिद्री लोकांचे प्रमाण २०१५-१६ मधील ५१·८९% वरून २०१९–२१ मध्ये ३३·७६% वर आले.

मर्यादा : ही घट मोठी असली, तरी दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या सु. एक तृतीयांशच आहे. वाढ मुख्यतः बांधकाम, व्यापार व सेवा यांत झाली; वस्तुनिर्माण उद्योगांचा हिस्सा लहान राहिला. बँकांत जमा होणाऱ्या ठेवींच्या मानाने राज्यात दिले जाणारे कर्जही कमी असते. उत्तर बिहारला पुराचा धोका कायम आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटून लक्षावधी लोक बेघर झाले. मखाना व लिची यांच्या उत्पादनात राज्य अग्रेसर असले, तरी शेतमालावरील प्रक्रियेचा पुरेसा विस्तार झालेला नाही.

परिणामी पंजाब, दिल्ली, गुजरात व महाराष्ट्र येथे कामासाठी होणारे स्थलांतर हाच असंख्य कुटुंबांचा आधार राहिला. त्यांनी धाडलेल्या पैशातून घरे बांधली जातात व मुले शिकतात. श्रमातून उभे राहणारे कारखाने मात्र अन्य राज्यांत असतात. २०२० च्या टाळेबंदीत परतलेल्या मजुरांच्या लोंढ्यांनी या व्यवस्थेचा ठिसूळपणा उघड केला. रस्ता, वीज व शाळा ही आधुनिकीकरणाची पूर्वतयारी होय. शिकलेल्या पिढीला आपल्याच जिल्ह्यात काम मिळू लागेल, तेव्हाच ती फलद्रूप झाली असे म्हणता येईल.