लोवेल येथील गिरणींतील वसति

‘लॉफ्ट’ हा शब्द हल्लीं आमच्या शहरांतील घरांच्या जाहिरातींत वारंवार दृष्टीस पडतो. त्याचें मूळ प्राचीन नॉर्स भाषेंतील हवा, आकाश ह्या अर्थाच्या शब्दांत आहे. परंतु आज ज्यास लॉफ्ट म्हणतात तो आपला पोटमाळा नव्हे. जुन्या कारखान्याच्या मजल्याचें केलेलें तें घर होय. त्यास तें रूप कां आलें, हें पाहण्यास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लोवेल हें गांव योग्य आहे.

येथें मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्याशीं सुमारें ३२ फूट खालीं उतरते. ह्या पाण्याच्या बळावर कापडगिरण्या उभ्या राहिल्या, व १८२६ मध्यें स्थापन झालेल्या गांवास फ्रॅन्सिस कॅबट लोवेल याचें नांव मिळालें. तो स्वतः १८१७ मध्येंच वारला होता. बूट कंपनीची गिरणी (हें नांव कर्क बूट ह्या गृहस्थावरून पडलें, पादत्राणाशीं त्याचा संबंध नाहीं) १८३५ नंतर नदी व कालवा यांच्या मधल्या पट्टींत बांधली गेली. तिच्या कांहीं भागांत आज बिऱ्हाडें आहेत.

बिऱ्हाडकरूस ज्या गोष्टींचें कौतुक वाटतें त्यांतील एकही माणसाच्या सुखासाठीं केलेली नव्हती. पाणचक्रीची गति पट्ट्यांनीं वरवर चढवावयाची, म्हणून मजल्यावर मजला. प्रत्येक मजल्याच्या आढ्यास फिरता दांडा, म्हणून छत उंच. सूत दिसण्यास उजेड पाहिजे, म्हणून इमारत लांब परंतु अरुंद, आणि खिडक्यांच्या रांगा. कापसाची पिंजण सदा हवेंत उडत असल्यानें आगीचें भय मोठें. त्यावर न्यू इंग्लंडांतील गिरण्यांत जी पद्धति रूढ झाली तींत तुळया जाड व विरळ घालीत, वर जाड फळ्यांची जमीन करीत. जाड लांकूड बाहेरून कोळसतें, पण आंतून बराच वेळ भार सोशीत राहतें. जिनेही बाहेरच्या बुरुजांत असत, म्हणजे ज्वाळा मजल्यामजल्यानें चढूं नये.

त्या मोठ्या खिडक्या मात्र बंद ठेवीत, कारण कोरड्या हवेंत सूत तुटतें. आंत बारा-तेरा तास उभ्या असत त्या शेतकऱ्यांच्या मुली. १८३४ मध्यें मजुरी कमी केल्यावरून, व १८३६ मध्यें वसतिगृहांतील जेवणाखाणाचा आकार वाढविल्यावरून त्यांनीं संप केले. कापूस दक्षिणेंतील गुलामांनीं वेंचलेला. १८६१ ते १८६५ च्या यादवींत तो अडला, आणि लँकेशायरच्या मागणीनें मुंबईचे व्यापारी रातोरात श्रीमंत झाले. १८६५ मध्यें त्यांतील अनेक बुडालेही.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट निराळी झाली. १८८२ चा नव्हे, १९८२ चा संप आम्हांस अभिप्रेत आहे. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमानें गिरणीची जमीन महापालिका, गृहनिर्माण व मालक यांत वांटली जावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती कायम केली. पुष्कळ ठिकाणीं इमारत गेली व वर मनोरे आले.

लोवेल येथें १९७८ मध्यें राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झालें, व १९९२ पासून बूट गिरणींत संग्रहालय आहे. तेथील विणकाम-दालनांत माग प्रत्यक्ष चालवून दाखवितात. त्यांच्या गोंगाटांत शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं. बिऱ्हाडें व संग्रहालय एकाच आवारांत असणें आम्हांस उचित वाटतें, कारण केवळ बिऱ्हाडें असतीं तर विटा राहिल्या असत्या आणि मुली विसरल्या गेल्या असत्या. जवळच कंपनीच्या वसतिगृहाचा एक भाग पूर्ववत् करून ठेविला आहे. तेथें एका खोलींत चार-सहा मुली राहत, व एका पलंगावर दोघी निजत.