विश्लेषण : हाडाच्या शस्त्रक्रियेआधी रक्तवाहिनी बंद का करतात?

मूत्रपिंडाचा कर्करोग शरीरात पसरतो तेव्हा साधारण एकतृतीयांश रुग्णांत तो हाडांपर्यंत पोहोचतो. मणका, कंबरेचे हाड आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे. पोखरलेले हाड किरकोळ धक्क्यानेही मोडते. मग रॉड टाकायचा की गाठ काढून कृत्रिम सांधा बसवायचा, हे अस्थिशल्यचिकित्सक ठरवतात. मात्र त्याआधी अनेकदा एम्बोलायझेशन सुचवले जाते आणि ‘आता हे आणखी काय?’ असा प्रश्न नातेवाइकांना पडतो.

भीती कशाची?

रक्तस्रावाची. या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ‘व्हीएचएल’ जनुक बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारख्या वागतात आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवत राहतात. पेशींना ऑक्सिजन कसा कळतो, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हाडातली गाठही अशीच रक्ताने भरलेली असते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडीला पट्टा आवळून रक्त रोखता येते. खुब्यात किंवा मणक्यात तो बांधणार कुठे?

नेमके काय करतात?

सुरुवात हृदयाच्या अँजिओग्राफीसारखीच. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेतात. तिथे तुंबलेली वाहिनी उघडायची असते, इथे वाहती बंद करायची! त्यासाठी सूक्ष्म कण किंवा धातूच्या कॉइल सोडतात. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे.

त्यानंतर शस्त्रक्रिया शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावी लागते. उशीर झाला की आजूबाजूच्या वाहिन्या गाठीला पुन्हा रक्त पुरवू लागतात. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख पक्की आहे ना, हे आधीच विचारावे. रक्ताच्या पिशव्यांची तयारीही ठेवावीच लागते. रक्तस्राव कमी होतो, थांबतोच असे नाही.

धोका कुठे?

मणक्यात सर्वाधिक. मज्जारज्जूला रक्त देणारी ‘अ‍ॅडमकिविझ’ धमनी गाठीच्याच फांदीतून निघत असेल आणि चुकून बंद झाली, तर पाय लुळे पडू शकतात. ती दिसली तर डॉक्टर बहुधा त्या फांदीला हात लावत नाहीत. अनेक रुग्णांचे एक मूत्रपिंड आधीच काढलेले असते. अँजिओग्राफीचे औषध उरलेल्या मूत्रपिंडावर ताण आणू शकते, त्यामुळे क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत हवा.