मिरची, शिट्टी आणि दाराची कडी

मुलगी नोकरीसाठी पुण्याला किंवा ठाण्याला एकटी राहायला निघाली की आईबाबा सोबत जातात. शेगडी लावून देतात, मालकांना भेटतात, शेजारच्या काकूंचा नंबर घेतात. परत निघताना हल्ली आणखी एक वस्तू तिच्या पर्समध्ये जाते, ती म्हणजे बोटभर उंचीची पेपर स्प्रेची डबी. बहुतेक डब्या मग तिथेच राहतात, छत्री आणि चार्जरच्या खाली. ती कशी चालते, कुठे चालत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला हवं, कारण अशी साधनं हल्लेखोराला हरवत नाहीत. ती काही सेकंद मिळवून देतात. ते सेकंद वापरता आले तरच साधनाचा उपयोग.

डबीत असतो मिरचीचा तेलकट अर्क. त्यातला झोंबणारा रेणू कॅप्सायसिन. आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही1 नावाचं एक प्रथिन असतं. सुमारे 43 अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि भाजल्याचा संदेश मेंदूकडे जातो. कॅप्सायसिन या प्रथिनाला चिकटून तेच दार उष्णतेशिवाय उघडतं. त्वचेला काहीच भाजलेलं नसतं, तरी मेंदूला आगीची बातमी मिळते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली हे प्रथिन शोधून काढलं, आणि 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं.

फवारा चेहऱ्यावर मारायचा तो डोळ्यांसाठी. शरीरात वेदनेचे तंतू सर्वांत दाट असतात अशा जागांपैकी एक म्हणजे डोळ्याचा पारदर्शक पडदा. तिथे अर्क लागला की पापण्या गच्च मिटतात. ते मिटणं प्रतिक्षिप्त असतं, माणसाच्या ठरवण्यावर नसतं. श्वासातून अर्क गेला तर खोकल्याची उबळ येते. त्रास साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो. पण हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं होत नाही. नशेत किंवा बेभान रागात असलेला माणूस मिटल्या डोळ्यांनीही हात पुढे करून पकडू शकतो. म्हणून फवारा मारून तिथेच परिणाम बघत उभं राहायचं नाही. मारायचा, बाजूला सरकायचं आणि माणसं असतील तिकडे पळायचं.

मिरचीने हा रेणू बनवला तोही स्वसंरक्षणासाठीच. सस्तन प्राणी बिया दाढांखाली चिरडतात, त्या पुन्हा रुजत नाहीत. पक्षी बिया अख्ख्या गिळतात आणि दूरवर टाकतात. पक्ष्यांचं टीआरपीव्ही1 कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट लाल मिरची मजेत खातो आणि आपल्या डोळ्यांना पाणी येतं. अमेरिकेतलं हे झुडूप सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागलं, आणि आता त्याच्याशिवाय आपलं एक जेवण होत नाही.

डबी विकत घेताना लेबलवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. तिखटपणा मोजायची स्कोव्हिल पद्धत 1912 ची. शुद्ध कॅप्सायसिन भरतं सुमारे 1 कोटी 60 लाख एकक, ईशान्येकडची भूत जोलोकिया सुमारे 10 लाख. पण ‘20 लाख स्कोव्हिल’ असं छापलेला आकडा बऱ्याचदा मूळ अर्काचा असतो, डबीतल्या पातळ केलेल्या मिश्रणाचा नसतो. बघायचं ते कॅप्सायसिन गटातल्या द्रव्यांचं एकूण प्रमाण, फवारा किती फुटांवर जातो ते, आणि मुदतीची तारीख. मुदत महत्त्वाची, कारण मिरचीचा तिखटपणा टिकला तरी आतला वायूचा दाब हळूहळू उतरतो आणि ऐनवेळी नुसता थेंब गळतो.

पल्ला साधारण आठ-दहा फुटांचा. समोरून वारा असेल तर धुक्यासारखा फवारा उलट आपल्याच तोंडावर येतो, आणि लिफ्टमध्ये तो दोघांनाही लागतो. धारेच्या किंवा जेलच्या फवाऱ्याला हा धोका कमी, पण नेम जास्त लागतो. म्हणून एक डबी सरावासाठी वेगळी घ्यावी आणि मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून मारून बघावी. खटका कुठल्या बाजूला वळतो हे अंगठ्याला माहीत हवं. घाबरल्यावर हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात, बारीक हालचाली जमेनाशा होतात, आणि तेव्हा सूचनापत्रक आठवत नाही. आपल्याच डोळ्यांत गेलं तर चोळू नये. अर्क तेलकट, पाण्यात विरघळत नाही, म्हणून थोड्या पाण्याने भागत नाही. मोकळ्या हवेत जावं, कॉन्टॅक्ट लेन्स काढावी, सतत पापण्या मिटत-उघडत भरपूर गार पाणी मारत राहावं.

मिरचीपूड पुडीत बांधून नेण्याचा सल्ला अजून दिला जातो. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. पुडी सोडेपर्यंत समोरचा अंगाशी येतो, पूड वाऱ्याने कुठेही जाते, आणि डबीतल्या अर्काइतकी ती डोळ्याला चिकटतही नाही. चाकूबद्दल तर अधिक ठामपणे नको म्हणेन. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं, पण खरी अडचण कायद्याची नाही. चाकू हाताच्या अंतरावरच चालतो, आणि त्या अंतरावर जास्त ताकदीचा माणूस तो हिसकावून घेतो.

पेपर स्प्रेला भारतात परवाना लागत नाही. विमानाच्या केबिनमध्ये मात्र तो नेता येत नाही. वापराचा आधार आहे भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44, म्हणजे खासगी बचावाचा हक्क. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला अशा प्रसंगी हा हक्क फार दूरवर, हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही पोचतो. एरवी गरजेपुरतीच इजा. आणि धोका टळला की हक्कही संपतो. पडलेल्या माणसावर रागाने आणखी फवारा मारणं, भांडणात शेजाऱ्यावर डबी रोखणं, हे बचावात बसत नाही.

फवाऱ्याहून स्वस्त साधन म्हणजे आवाज. आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशा नळीत सेकंदाला सुमारे 3 हजार कंपनांचा आवाज घुमून मोठा होतो, म्हणून त्या पट्टीतली शिट्टी किंवा किचेनचा सायरन गर्दीतही टोचतो. पण अंतर दुप्पट झालं की उघड्यावर 6 डेसिबल कमी होतात. दहा सेंटिमीटरवर मोजलेले 120 डेसिबल दहा मीटरवर 80 उरतात, बंद दारापलीकडे आणखी कमी. रिकाम्या रस्त्यावर सायरनने मदत धावून येईलच असं नाही. सोसायटीच्या जिन्यात तो जास्त कामाचा, कारण तिथे प्रत्येक दारामागे माणूस आहे.

घरात मात्र पहिला खर्च दारावर करावा. नुसतं ओढून घेतलेलं नाइट लॅच स्प्रिंगवर असतं, फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवून ते मागे ढकलता येतं. किल्लीने दुहेरी फिरवलं की जीभ अडकून बसते. सोबत आतून वर-खाली कडी, दारात भिंग, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. घर भाड्याचं असेल तर कुलपाचा गाभा पहिल्याच आठवड्यात बदलून घ्यावा. आधीच्या भाडेकरूकडे किती किल्ल्या होत्या, हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि 112 ची आपत्कालीन हाक फोनच्या पॉवर बटनावरून लावता येते. बटन किती वेळा दाबायचं हे फोनगणिक बदलतं, ते सेटिंगमध्ये आजच बघून ठेवावं.

एवढं करूनही एक दार उरतं, आपण स्वतः उघडतो ते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं, की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक नोंदींमध्ये आरोपी ओळखीचा असतो. त्याच्यासमोर स्प्रे पर्समध्येच राहतो, कारण ओळखीच्या माणसावर हात उगारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं.

या अडचणीवर सर्वांत भक्कम अभ्यास कॅनडातला आहे. मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला बारा तासांचं प्रशिक्षण, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात पूर्ण झालेल्या बलात्काराचं प्रमाण पत्रकांच्या गटात 9.8 टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत 5.2 टक्के. हा निष्कर्ष 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्या बारा तासांत हातपाय चालवायलाही शिकवलं होतं, पण त्याआधी दोन गोष्टी होत्या: ओळखीच्या माणसाचं वागणं धोक्याकडे झुकतंय हे लवकर टिपणं, आणि ते स्वतःशी कबूल करणं.

समजा, मालकांचा भाऊ रात्री साडेनऊला भाड्याचा हिशेब घेऊन दारात आला. “जरा पाणी देतेस का?” म्हणत त्याने उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं. घरी आलेल्याला पाणी विचारावं हे आपल्या अंगी मुरलेलं आहे, त्यामुळे ती वळून स्वयंपाकघरात जाते आणि दार उघडं राहतं. सेन यांचं प्रशिक्षण नेमकं याच क्षणावर काम करतं. मुळात सेफ्टी डोअरच न उघडता, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “दादा, हिशेब बाबांना पाठवा, ते उद्या बोलतील,” एवढं म्हणून दार लावता येतं. तो भला माणूस असेल तर फार तर दोन दिवस रुसेल. माझ्या मते शाळेतल्या कराटेच्या तासाला हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव जोडायला हवा. संकोच एकदा मोडला की पुढच्या वेळी आवाज निघतो.

आणि तरीही आवाज निघाला नाही तर? स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या 70 टक्के स्त्रियांचं शरीर हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात गोठून गेलं होतं. हात हलत नव्हते, ओरडता येत नव्हतं. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या अनेक प्राण्यांतही हीच प्रतिक्रिया दिसते. पापण्या मिटणं जसं इच्छेबाहेरचं, तसंच हेही. स्प्रे पर्समध्ये असूनही काढला गेला नाही, म्हणून त्या मुलीला दोष देणारे घरात आणि बाहेर पुष्कळ भेटतात. कायदा त्यांच्या बाजूचा नाही. न्याय संहितेच्या कलम 63 चं स्पष्टीकरण सांगतं, की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचा प्रश्न नंतर सुटतो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तिच्यावर लगेच आणि विनामूल्य उपचार करायचे असतात.